'जिन पिंग मेइ' आणि हाँगकाँगचे शृंगारिक पोशाखी चित्रपट: पाहण्यासारखं काय आहे?

निशांत_कराड

नमस्कार मंडळी. सध्या डेव्हिड टॉड रॉय यांनी केलेला 'जिन पिंग मेइ' या जुन्या चिनी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद वाचतोय. पाच जाडजूड खंड आहेत. पहिला १९९३ साली निघाला, शेवटचा २०१३ साली. मी दुसऱ्या खंडात आहे. हातात घेताना मनात एवढंच होतं की हे मिंग काळातलं 'तसलं' पुस्तक. प्रत्यक्षात पानांमागून पानं जेवणाच्या याद्या, चांदीचे हिशेब, वाढदिवसाचे आहेर, कोर्टकज्जे आणि सवतींची धुसफूस. मी त्यात पुरता अडकलोय.

यावर हाँगकाँगमध्ये बरेच चित्रपट निघाले असं कळलं, म्हणून शोधायला लागलो. नावं मिळाली, पण सगळी एकाच माळेत ओवलेली: शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रपट कंपनीचे सत्तरच्या दशकातले चित्रपट, १९९१ चा 'सेक्स अँड झेन', २०११ चा त्याचा थ्रीडी अवतार. यातला थ्रीडीवाला पाहिला आणि अर्ध्यावर बंद केला. त्यात मला पुस्तकाचा वास कुठेच आला नाही.

प्रश्न सरळ आहे. अभिजात चिनी साहित्यावरच्या या शृंगारिक चित्रपटांत साहित्य म्हणून काही हाती लागतं का? की कादंबरीचं नाव फक्त फलकावर लावण्यापुरतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

सुहास_डोंबिवली

थ्रीडी चित्रपटावरून बाकीच्यांचं मोजमाप करू नका. तो आला तेव्हा हाँगकाँगमध्ये पहिल्या दिवसाच्या कमाईत त्याने 'अवतार'ला मागे टाकलं होतं आणि चीनमध्ये बंदी असल्याने तिकडचे पर्यटक सीमा ओलांडून तो पाहायला येत होते. त्याची सगळी ताकद त्या बातमीतच होती.

पण तुमच्या दुसऱ्या शंकेत तथ्य आहे. हाँगकाँगमध्ये १९८८ साली चित्रपटांची वर्गवारी कायद्याने आली आणि तिसरा वर्ग फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी ठरला. पुढची काही वर्षं त्या वर्गात धडाधड चित्रपट निघाले. जुन्या कादंबऱ्यांना कोणाचे हक्क विकत घ्यावे लागत नाहीत, नाव घराघरात ठाऊक असतं आणि 'आम्ही अभिजात साहित्य दाखवतोय' असं म्हणण्याची सोय होते. निर्मात्याला आणखी काय हवं? माझ्या मते नव्वदच्या दशकातलं बरंचसं सोडून द्या. सत्तरच्या दशकाबद्दल मृणालताई सांगतील, त्यांचा तो हातखंडा विषय आहे.

मृणाल_वेशभूषा

निशांत, मी मराठी रंगभूमीवर वेशभूषा करते. त्यामुळे हे पुस्तक आणि त्यावरचे चित्रपट मी कापडाच्या बाजूने पाहते. या विषयात ती बाजू फार कामाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक आकडा ध्यानात घे. १९८५ साली बीजिंगच्या पीपल्स लिटरेचर पब्लिशिंग हाऊसने या कादंबरीची संपादित आवृत्ती काढली तेव्हा अश्लील म्हणून १९,१६१ अक्षरं गाळली. अख्खी कादंबरी शंभर प्रकरणांची, आठ लाखांच्या आसपास अक्षरांची. म्हणजे गाळलेला भाग अडीच टक्क्यांच्या आतबाहेर. हाँगकाँगच्या बहुतेकांनी त्या अडीच टक्क्यांचा चित्रपट काढला. दिग्दर्शक ली हान-शियांग यांचं लक्ष उरलेल्या घरसंसाराकडेही होतं, म्हणून त्यांचा १९७४ चा 'द गोल्डन लोटस' मी तुला पहिला पाहायला सांगेन.

हा माणूस कोण ते सांगते. जन्म १९२६, ईशान्य चीनमधल्या लिआओनिंगचा. बीजिंगला चित्रकला शिकला, १९४८ साली हाँगकाँगला आला आणि चित्रपटात शिरला तो पडदे रंगवत, कलाविभागातून. १९६० साली त्याने जुना चिनी कथाकार फू सोंगलिंग याच्या भूतकथांपैकी एकीवर 'द एन्चँटिंग शॅडो' केला, तो कानच्या महोत्सवात गेला. १९६३ साली 'द लव्ह इटर्न' हा गाण्यांचा चित्रपट केला आणि तैवानमध्ये लोकांनी तो डोक्यावर घेतला. मग शॉ ब्रदर्सना सोडून तैवानमध्ये स्वतःची कंपनी काढली, ती कर्जात बुडाली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो पुन्हा शॉंच्या दारात आला. हे शृंगारिक पोशाखी चित्रपट त्या परतीनंतरचे. पोटासाठी केले असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण पोटासाठी केलेल्या कामातही ज्याचा हात सुटत नाही असा तो कलावंत होता. जुन्या वस्तूंचा त्याला मनस्वी नाद. त्याच्या चित्रपटात खोली रिकामी नसते. पडदा, पडद्याआड जाळीची खिडकी, खिडकीआड दुसरी खोली, तिथे कोणीतरी ऐकत उभं. कादंबरीतलं घर असंच आहे. तिथे एकही गोष्ट दोघांत राहत नाही. दासी ऐकते, सवत ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्याचा सूड निघतो.

आता कापडाकडे येते. कादंबरीची नायिका पान जिनलिएन शिंप्याची मुलगी, हे पहिल्या खंडात तू वाचलं असशील. बाप वारल्यावर नवव्या वर्षी तिला विकलं, पुढे पुन्हा तीस तोळे चांदीला विकलं. तिला लिहितावाचता येतं, पिपा हे तंतुवाद्य वाजवता येतं आणि शिवणात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती विवाहित आहे, आणि श्रीमंत व्यापारी शीमेन छिंगला ती हवी आहे. शेजारची चहावाली वांग म्हातारी जो डाव रचते तो पूर्णपणे या शिवणावर उभा आहे. म्हातारी शीमेनला काय आणायला सांगते? निळ्या रेशमाचा एक तागा, पांढऱ्या रेशमाचा एक तागा, पातळ पांढऱ्या कापडाचा एक तागा आणि आत भरायला दहा औंस चांगला रेशमी कापूस. कशासाठी, तर स्वतःचे मरणाचे कपडे शिवून घ्यायला. मग जिनलिएनकडे जाऊन पंचांग मागते, कापायला शुभ दिवस बघायचाय म्हणून. जिनलिएन आपण होऊन म्हणते, मीच शिवून देते. ती रोज शेजारी येऊन शिवत बसते, तिसऱ्या दिवशी तो 'सहज' येतो आणि पहिलं कौतुक करतो ते तिच्या टाक्यांचं. पुढे जेवताना काडी खाली पडते, तो ती उचलायला वाकतो आणि तिचं पाऊल चिमटीत धरतो.

मांडीवर म्हातारीचं प्रेतवस्त्र आहे आणि त्याच्याआड दोघांचं सूत जुळतंय. वेशभूषा करणाऱ्या माझ्यासारखीला या प्रसंगापुढे अंगप्रदर्शनाचे शंभर प्रसंग फिके वाटतात. त्या निळ्यापांढऱ्या कापडात पुढच्या सगळ्या मरणांची नांदी आहे: आधी तिचा नवरा वू दा, मग शीमेन, शेवटी ती.

१९७४ च्या चित्रपटात जिनलिएनचं काम हू जिन हिने केलंय. पेकिंग ऑपेराचं शिक्षण घेतलेली नटी. मनगट, रुमाल आणि डोळ्याचा कोपरा एवढ्यावर ती प्रसंग तोलून धरते. यांग छुन शीमेन छिंग आहे, आणि त्याच्यात खलनायकी आव अजिबात नाही. बाजारात सवय झालेल्या गिऱ्हाइकासारखा तो बायकांकडे बघतो. कादंबरीतला शीमेन अगदी असाच, औषधांच्या दुकानाचा मालक. (फळं विकणाऱ्या पोराच्या लहानशा भूमिकेत विशीतला जॅकी चॅन आहे. पुष्कळ लोक फक्त त्याला शोधायला हा चित्रपट बघतात.)

उणं काय आहे तेही सांगते. त्या काळच्या शॉ चित्रपटांना झूमचा भारी सोस होता. शांतपणे बघावं असं दृश्य असतं आणि कॅमेरा उगाच धावत सुटतो. शंभर प्रकरणं एका चित्रपटात कोंबल्यामुळे शीमेनची थोरली बायको, जिच्यावर ते घर चालतं, ती जवळजवळ पुसली जाते. आणि पैसा कमी दिसतो. पुस्तकात तर पैशाशिवाय शृंगार नाहीच. तेविसाव्या प्रकरणात बायका सोंगट्या खेळतात, शीमेनची दुसरी एक बायको ली पिंगअर हरते आणि अर्धा तोळा चांदी काढून देते. त्याचे पाच भाग धरले तर तीन भागांची जिनहुआची दारू, दोन भागांचं डुकराचं मुंडकं आणि चार पाय. ते मुंडकं नोकराची बायको सोंग हुइलिएन एकाच लाकडाच्या आचेवर, सोया आणि बडीशेपेसारखे मसाले घालून, झाकण घट्ट लावून असं शिजवते की कातडी हाडापासून सुटून येते. मालकाची नजर तिच्यावर आहे हे तोवर सगळ्या घराला कळलेलं असतं. जिनलिएन ते मांस खाते आणि मनात त्या बाईचा हिशेबही मांडते.

त्या हिशेबाचा शेवट वाचायला तू अजून पोचला नसशील. नसशील तर पुढचा परिच्छेद सोडून दे.

सोंग हुइलिएन सव्विसाव्या प्रकरणात गळफास घेते. अठ्ठाविसाव्यात जिनलिएनचा एक लाल जोडा बागेत हरवतो. दासीला शोधायला पाठवतात. ती बागेतल्या कृत्रिम टेकडीखालच्या गुहेत एका पेटीत जपून ठेवलेला जोडा घेऊन येते. तोच लाल रेशमी कपडा, तीच चार ऋतूंची फुलं, तोच सपाट पांढरा तळ. जिनलिएन दोन्ही जोडे शेजारी धरते, उजेडात नीट पाहते. कडेच्या टाक्याचा दोरा वेगळा आहे, एकाला हिरवा आणि एकाला निळा. हा आपला नाही. मेलेल्या हुइलिएनचा जोडा शीमेनने सुगंधी वस्तूंसोबत लपवून ठेवलाय. शिंप्याच्या मुलीशिवाय तो दोरा कोणाच्या लक्षात आला असता? ती त्या जोड्याचे चाकूने तुकडे करवते आणि संडासात टाकायला लावते, म्हणजे त्या बाईला पुन्हा जन्म मिळू नये.

मी पाहिलेल्या एकाही चित्रपटात हा हिरवा-निळा दोरा नाही. कॅमेऱ्यासाठीच लिहिलाय असा प्रसंग आहे तो. वासना, मत्सर, मेलेल्या बाईचं वजन, सगळं दोन जोड्यांत. कोणीतरी तो कधीतरी पडद्यावर आणावा असं मला मनापासून वाटतं.

डॉ_शरद_मिरज

मृणालताई, दोऱ्याचा तपशील वाचून थक्क झालो. मी दुसऱ्या कादंबरीबद्दल लिहितो, कारण 'सेक्स अँड झेन' मुळात 'जिन पिंग मेइ'वर बेतलेला नाहीच. निशांत यांच्या यादीत दोन वेगळी पुस्तकं मिसळली आहेत.

'सेक्स अँड झेन' हा मायकल मॅक यांचा १९९१ चा चित्रपट, 'रोउ फू थुआन' या सतराव्या शतकातल्या कादंबरीवरचा. ती ली यू (१६११ ते १६८०) यांची मानली जाते. हे गृहस्थ नाटककार होते, स्वतःची नाटक मंडळी घेऊन श्रीमंतांच्या घरी प्रयोग करत फिरायचे, आणि नाटक कसं लिहावं, कसं बसवावं यावरही त्यांनी लिहिलंय. कादंबरी अवघी वीस प्रकरणांची. पहिल्या प्रकरणात गोष्ट सुरूच होत नाही. लेखक वाचकाशी बोलत बसतो. त्याचं म्हणणं असं की कामसुख जिनसेंगसारखं आहे. औषध म्हणून, बेताने, दीर्घकाळ घ्यावं. जेवण म्हणून पोटभर खाल्लं तर जीव जाईल. एक वैद्य म्हणून मला ही सुरुवात अतिशय आवडते. त्यात बाईमाणसाचा तिरस्कार नाही आणि शरीराची भीतीही नाही.

पुढे एक तरुण पंडित गुरूचं न ऐकता बाहेर पडतो, लोकांच्या बायका नासवतो. त्याने ज्याचं घर बुडवलं तो माणूस नाव बदलून याच्या सासऱ्याकडे नोकर म्हणून राहतो, याच्या बायकोला फितवतो आणि शेवटी वेश्यागृहात विकतो. पंडित एका प्रसिद्ध गणिकेची कीर्ती ऐकून तिथे जातो, आणि ती निघते त्याचीच बायको. ती नवऱ्याला ओळखते आणि गळफास घेते. तो परत गुरूकडे जाऊन संन्यास घेतो.

आता चित्रपट. तो हा सांगाडा टाकून देत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. बायको कुठे पोचते ते तो दाखवतो, आणि त्या भागात हसू थांबतं. पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगाचं बघा. कादंबरीत पंडित कुत्र्याच्या अवयवाचं कलम करून घेतो. चित्रपटाने कुत्र्याच्या जागी घोडा आणला आणि सगळा प्रसंग आरडाओरड्याच्या विनोदावर नेला. ली यूसुद्धा तिथे हसवतो, पण त्याच्या हसण्याखाली हिशेब चालू असतो की या माणसाने आता आपल्या देहाचं काहीतरी कायमचं गहाण टाकलं. चित्रपटात तो हिशेब विसरला जातो आणि अर्ध्या तासाने एकदम आठवतो. तरीही थ्रीडी आवृत्तीपेक्षा हा कितीतरी सरस.

एक भारतीय धागा इथे सांगावासा वाटतो. 'जिन पिंग मेइ'च्या एकोणपन्नासाव्या प्रकरणात शीमेनला जो परदेशी भिक्षू भेटतो, तो आपण पश्चिमेकडच्या थिएनझू देशाचे असं सांगतो. थिएनझू म्हणजे आपला हिंदुस्थान. त्याने दिलेल्या कामोत्तेजक गोळ्यांनीच पुढे शीमेनचा अंत होतो. नशेत पडलेल्या शीमेनला जिनलिएन एकीच्या जागी तीन गोळ्या देते. तेहतीस वर्षांचा माणूस काही दिवसांत तडफडून मरतो, आणि ते वर्णन कुठल्याही वैद्यकीय टिपणाइतकं नेमकं आहे. बौद्ध धर्म, औषधं आणि जादू हे सगळं जिथून यायचं त्या देशाची सोळाव्या शतकातल्या चिनी लेखकाच्या मनातली प्रतिमा तिथे दिसते.

केतकी_बंगळुरू

शृंगारिक म्हटल्यावर सगळे 'जिन पिंग मेइ'कडेच का वळतात? फू सोंगलिंगच्या कथा घ्या. पाचशेच्या आसपास गोष्टी, भुतं, कोल्हिणी आणि गरीब विद्यार्थी. 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' (१९८७) मध्ये जॉय वाँगची भूत झालेली मुलगी लेस्ली चुंगला लपवायला पाण्याच्या पिंपात ढकलते आणि वरून वाकून पाण्याखालीच त्याला ओठांनी श्वास देते. अंगावरचा एकही कपडा न काढता इतका उत्कट प्रसंग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्सुई हार्कचा 'ग्रीन स्नेक' (१९९३) तर अवश्य पाहा. पांढऱ्या नागिणीची जुनी आख्यायिका, पण सांगितलेली धाकट्या हिरव्या नागिणीच्या बाजूने. मॅगी चुंग त्यात भारतीय नर्तकींच्या घोळक्यात शिरून नाचते, आणि त्यातल्या एका गाण्याचं नावच 'महोरग' आहे, संस्कृतातून चिनी बौद्ध ग्रंथांत गेलेलं.

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं तर गिरीश कर्नाडांचा 'उत्सव' (१९८४). 'मृच्छकटिक'मधलं दागिन्यांचं गाठोडं त्यांनी कथेचं इंजिन म्हणून राखलं, म्हणून त्यातला शृंगार वरून चिकटवलेला वाटत नाही. मृणालताई म्हणतात ते तिथेही लागू पडतं.

निशांत_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन पुस्तकांतला फरक आता नीट कळला.

मृणालताई, एक गोष्ट टोचते आहे. जिनलिएनने नवऱ्याला विष घातलं, हुइलिएनला मरणाच्या दारात लोटलं. तरी वाचताना मला तिचा राग येत नाही, किंवा आला तरी टिकत नाही. चित्रपटवाले तिच्याकडे कसं बघतात? ती फक्त 'बदफैली बाई' आहे की आणखी कोणी?

मृणाल_वेशभूषा

निशांत, तुझा प्रश्न चिनी रंगभूमीनेही विचारलाय, तोही शंभर वर्षांपूर्वी. ओउयांग युछिएन या नाटककाराने १९२०च्या दशकात 'पान जिनलिएन' नावाचं नाटक लिहिलं आणि स्वतः तिची भूमिका केली. त्यात ती वू सोंगसमोर उभी राहून आपलं प्रेम उघड बोलते आणि मरताना मान खाली घालत नाही. त्याआधी काही शतकं ती फक्त सुरीखाली येण्यासाठी रंगमंचावर यायची.

तिचं मूळ 'वॉटर मार्जिन' या त्याहून जुन्या चिनी कादंबरीत आहे. तिथली ती काही प्रकरणांची पाहुणी. वाघ मारणारा वू सोंग हा तिचा दीर. बर्फ पडतोय, तो कामावरून परत येतो, तिने शेगडी पेटवून दारू गरम करून ठेवली आहे. ती पेला ओतते, एक घोट स्वतः घेते आणि उरलेला अर्धा पेला त्याच्यापुढे धरते. मनात असेल तर माझा हा उष्टा अर्धा पेला घे, म्हणते. तो हिसकावून घेऊन जमिनीवर ओततो. वू सोंगच्या गोष्टीतून हा प्रसंग कोणालाही वगळता येत नाही.

ली हान-शियांगने १९८२ साली 'टायगर किलर' केला तो या गोष्टीवर. ती लुंग वू सोंग आहे, वांग पिंग जिनलिएन, आणि कु फेंग तिचा बुटका नवरा. वांग पिंगला त्यासाठी तैवानचं गोल्डन हॉर्स पारितोषिक मिळालं, कु फेंगलाही सहायक अभिनेत्याचं मिळालं. १९७४ च्या चित्रपटापेक्षा यात उघडेपणा खूप कमी आणि माझ्या मते शृंगार कितीतरी जास्त. कारण ती लुंगचा वू सोंग लाकडाचा नाही. त्याला ती दिसते, आणि दिसते म्हणूनच तो इतका कठोर होतो. जिनलिएनची खरी वासना कोणासाठी होती हे कळल्यावर शीमेन छिंग अचानक दुय्यम माणूस वाटायला लागतो. दिग्दर्शकाला ही बाई शेवटपर्यंत सोडवली नाही. नव्वदच्या दशकात त्याने तिच्यावर पुन्हा चित्रपट केले. ते थकलेले आहेत, ते पाहू नकोस. १९९६ साली बीजिंगमध्ये चित्रीकरण चालू असतानाच तो गेला.

बाईच्या हातून झालेला एक चित्रपटही आहे: क्लारा लॉ यांचा 'द रिइन्कार्नेशन ऑफ गोल्डन लोटस', १९८९ चा, लिलियन ली यांच्या कादंबरीवरून. त्यात जॉय वाँगची जिनलिएन विसाव्या शतकात पुन्हा जन्मते, सांस्कृतिक क्रांतीतल्या चीनमध्ये वाढते आणि एका साध्या, प्रेमळ, न आवडणाऱ्या नवऱ्याशी लग्न करून हाँगकाँगला येते. त्या नवऱ्याचं काम एरिक त्सांगने केलंय. नवऱ्याला वाईट न दाखवता तिची घुसमट दाखवणं फार अवघड आहे, ते क्लारा लॉ यांना जमलंय. केतकीच्या 'ग्रीन स्नेक'ची मूळ कादंबरीसुद्धा याच लिलियन ली यांची. जुन्या गोष्टीतल्या ज्या बाईला कोणी विचारत नाही तिच्या तोंडून गोष्ट सांगायची, हा त्यांचा हातखंडा.

आता कादंबरीने तिचं काय केलं ते. 'वॉटर मार्जिन'मध्ये वू सोंग परत येतो आणि लगेच दोघांनाही मारतो. 'जिन पिंग मेइ'च्या लेखकाने इथे एक बारीकसा बदल केला. त्याचा वू सोंग सूड घ्यायला धावतो, पण रागाच्या भरात भलत्याच माणसाला मारतो आणि हद्दपार होतो. जिनलिएन वाचते. सगळी कादंबरी, ते शेकडो नोकरचाकर, जेवणं, जोडे, गोळ्या, हे त्या लांबलेल्या मरणाच्या मधल्या फटीत घडतं. सत्त्याऐंशीव्या प्रकरणात वू सोंग परत येतो. शीमेन मेलेला आहे, थोरल्या बायकोने जिनलिएनला घराबाहेर काढून वांग म्हातारीकडे विकायला ठेवलंय. वू सोंग म्हातारीला शंभर तोळे चांदी देतो, वर पाच तोळे दलाली, आणि सांगतो की वहिनीशी लग्न करायचंय, पुतणीला आई हवी आहे.

जिनलिएन पडद्याआडून ऐकत असते. तिला वाटतं, शेवटी आपलं लग्न याच्याशीच लागणार होतं तर. नव्या कपड्यांत, डोक्यावरून पदर घेऊन ती त्या घराची पायरी चढते. आत वू दाच्या नावाची पाटी मांडलेली असते, पुढे दिवा.

हा प्रसंग वाचून झाल्यावर तिच्यावर राग धरणं मला तरी जमलेलं नाही. आणि हेही लक्षात घे की तिची किंमत तीस तोळ्यांवरून शंभरावर गेली, एवढीच तिच्या आयुष्यातली बढती.

निशांत_कराड

ताई, सत्त्याऐंशीवं प्रकरण पाचव्या खंडात येईल, तोवर धीर धरतो. चित्रपट कुठल्या क्रमाने बघू? आणि प्रती बऱ्या मिळतात का? मी पाहिलेली एक प्रत इतकी काळपट होती की चेहरेही ओळखू येत नव्हते.

मृणाल_वेशभूषा

शॉ ब्रदर्सचा जुना साठा २००० साली सेलेस्टियल पिक्चर्सने विकत घेतला आणि २००२ पासून मूळ निगेटिव्हवरून स्वच्छ केलेल्या डीव्हीडी काढायला लागले. त्यातल्याच प्रती शोध, रंग फरकाने कळतात. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या प्रतीत सगळं रेशीम तपकिरी दिसतं.

क्रम असा ठेव. तेविसावं आणि अठ्ठाविसावं प्रकरण वाचून झालं की १९७४ चा 'द गोल्डन लोटस'. पुस्तक संपेपर्यंत 'टायगर किलर' मात्र लावू नकोस. सत्त्याऐंशीव्या प्रकरणानंतर तो पाहा, मग क्लारा लॉ यांचा. 'सेक्स अँड झेन' डॉक्टरसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे ली यूचं पहिलं प्रकरण वाचूनच. ते पॅट्रिक हॅनन यांच्या १९९० च्या इंग्रजी अनुवादात मिळेल.

आणि रॉय यांच्या टिपा वगळू नकोस. कापडाच्या नावांपाशी तर अजिबात नाही.